लिफ्टसाठी मिठाची गुळणी

६ जानेवारी, सोमवार

नवीन वही. संकल्प: रोज लिहायचं. थोडक्यात लिहायचं. आणि पॅन्ट्रीतला चहा आजपासून बंद.

त्या सिंकमध्ये भिजलेली चहापत्ती साचलेली, त्यात कुणाचा तरी लांब केस, आणि शेजारी तो स्पंज. त्याच स्पंजाने कप धुतात! शी! आणि म्हणे विद्यापीठ.

मी मुळात मितभाषी माणूस, त्यामुळे असल्या गोष्टी कुणाला सांगत बसत नाही. फक्त शिपाईमामांना सांगितलं, मग लेखा विभागात जाऊन सांगितलं, जिन्यात दोघं भेटले त्यांना सांगितलं, आणि रात्री हिला. ही म्हणाली, अहो, निदान जेवताना तरी नको. लोकांना स्वच्छतेची आवडच नाही.

९ जानेवारी, गुरुवार

मोठी बातमी! कुलसचिव मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. नवीन पद निघालंय: निधी व प्रशिक्षण समन्वयक. देणग्या गोळा करायच्या आणि विद्यार्थ्यांना कामाचं प्रशिक्षण मिळेल अशा जागा शोधून द्यायच्या. स्वतंत्र केबिन, काचेचं दार, दारावर नाव. इतकी वर्षं विद्यार्थी कक्षाच्या खिडकीत बसून काढली ती कशासाठी? ह्या दारासाठी.

दुसरा विषय, ग्रंथालयाची लिफ्ट. वाचनकक्ष दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लॉ शिकणारी एक मुलगी चाकांच्या खुर्चीत असते. ती जिन्याखाली बसून राहते, शिपाईमामा तिला वरून पुस्तकं आणून देतात आणि बहुतेक वेळा चुकीची आणतात. विद्यापीठाकडे लिफ्टचे निम्मेच पैसे आहेत. बाकीचे कर्मचाऱ्यांनी उभे करायचे.

जो जास्त जमवेल त्याला केबिन, असं मॅडम तोंडाने म्हणाल्या नाहीत. पण माझा चौथा प्रश्न चालू होता तेव्हा त्या एकटक माझ्याकडेच बघत होत्या. शहाण्याला कळतं.

१३ जानेवारी, सोमवार

माझ्या हाताखाली एक ट्रेनी दिली. शेवटच्या वर्षाची मुलं एक सत्र ऑफिसात काम करतात, त्याचे त्यांना मार्क मिळतात. मुलगी हुशार दिसते, पण पेनचं टोपण चावते आणि ते ओलं टोपण तसंच टेबलावर ठेवते. शिसारी आली. ते टेबल माझं आहे.

प्रशिक्षण लगेच सुरू केलं. पहिला धडा: बोनाफाइड सर्टिफिकेट म्हणजे काय, ते का देतात, पूर्वी कसं द्यायचे, पूर्वीचा शिक्का कसा होता. खिडकीत एक मुलगा उभा होता. ट्रेनीने विचारलं, सर, तोवर त्याचं काम करून देऊ का? मी म्हटलं, आधी थिअरी. मुलगा निघून गेला. धीर नाही ह्या पिढीला.

संध्याकाळी तिने खिडकीची काच पुसली. काचेवर रोज ठिपके पडतात. विद्यार्थी येतात, काचेशी तोंड नेतात, बोलतात, शिंकतात. मला तर काचेकडे बघवत नाही. तिने काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आणि पुसली ती फक्त आतल्या बाजूने! नवखी आहे. शिकेल.

२४ जानेवारी, शुक्रवार

लेखा विभागातल्या टायवाल्याने लिफ्टसाठी केकचा स्टॉल लावला. त्यालाही केबिन हवी आहे. उन्हाळा असो, हिवाळा असो, ह्याच्या गळ्यात टाय, आणि टायवर कालचं काहीतरी वाळलेलं.

मी डोळ्यांनी बघितलं: अंगठा चाटायचा, त्याच अंगठ्याने कागद सुटा करायचा, त्यावर केक ठेवायचा आणि हसत पुढे करायचा. आणि लोक खात होते! मिटक्या मारत! मी प्रत्येकाला जाऊन अंगठ्याचं सांगितलं. दोघांनी तोंडातला घास थांबवला, पण गिळला. ओकारी यायची बाकी होती.

तरी त्याचे सगळे केक संपले. समाजाची पातळी ही अशी.

२७ जानेवारी, सोमवार

माझी योजना तयार. तिकीट लावून व्याख्यान: ‘खिडकीपलीकडचे विद्यार्थी: माझे अनुभव’. खाणंपिणं नाही, चाटणं नाही, निव्वळ विचार. ट्रेनीला कल्पना सांगितली. तिने विचारलं, किती वेळाचं? म्हटलं, थोडक्यातच. पहिला भाग सकाळी, दुसरा जेवणानंतर. तिने टोपण चावलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

व्याख्यान झालं. ग्रंथालयाच्या खालच्या हॉलमध्ये. श्रोते: ट्रेनी. शिपाईमामा, कारण हॉलला कुलूप त्यांना लावायचं होतं. आणि चाकांच्या खुर्चीतली ती मुलगी. तिने मात्र शेवटपर्यंत ऐकलं. ती आधीपासूनच जिन्याखाली होती आणि मी दारात उभा राहून बोलत होतो, तेव्हा मध्येच उठून जाण्याचा प्रश्नच नव्हता. पण चेहऱ्यावर केवढी एकाग्रता!

नंतर तिने एका संदर्भग्रंथाबद्दल विचारलं, तो वर कुठल्या कपाटात आहे, म्हणजे मामांना नीट सांगता येईल. मी तिला ग्रंथालयाची वर्गीकरण पद्धत पहिल्यापासून समजावली. कपाटाचा नंबर काही मला माहीत नव्हता. तिची बस चुकली. पण माहिती मिळाली की नाही?

तिकीट एकच खपलं. ते मीच घेतलं होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आठवडा वाईट गेला. टायवाला खुशीत. येता जाता दात चोखतो, चुक चुक.

आज मात्र ट्रेनीने डोकं चालवलं. (माझं प्रशिक्षण.) म्हणाली, सर, तुमचा आवाज ही ह्या ऑफिसची ओळख आहे. तो एक दिवस बंद राहिला तर लोकांना फरक कळेल. तुम्ही एक दिवस मौन पाळा, आणि त्यासाठी लोक लिफ्टला देणगी देतील. अट एवढीच, एक शब्द जरी तोंडातून गेला तरी सगळ्यांचे पैसे परत.

मी विचार केला. खरंच की! हवा असते तोवर तिची किंमत कळत नाही. तिच्यासमोरच होकार दिला, आणि होकारामागची भूमिका जेवणाच्या सुट्टीपर्यंत समजावून सांगितली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काय सांगू! लोकांची नुसती रीघ लागलीय. लेखा विभाग, परीक्षा विभाग, झाडूवाल्या बाई, ज्यांना मी ओळखतही नाही असे प्राध्यापक. खिडकीपाशी ठेवलेल्या डब्यात मुलं चहाचे पैसे टाकून जातात. टायवाला स्वतः आला, पाकीट रिकामं केलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, मनापासून देतोय. त्याचा हात चिकट होता, पण मी सोडवून घेतला नाही. शत्रूसुद्धा विरघळला.

आणि ही! शिलाई मशीनसाठी साठवलेले सगळे पैसे काढून दिले. म्हणाली, मशीन पुढच्या वर्षी बघू. फक्त नियम घरीसुद्धा लागू आहे ना, ते तेवढं विचारून घ्या. ट्रेनीला विचारलं. लागू आहे म्हणाली. ही देवापुढे हात जोडून उभी राहिली. माझे डोळे भरून आले. माणसाला आणखी काय हवं?

१७ फेब्रुवारी, सोमवार

मौन दिन. गळ्यात पांढरी पाटी, खिशात मार्कर. तोंडात मिठाची गुळणी.

सकाळी खिडकी उघडली. मी खुर्चीत, ट्रेनी खिडकीत. मुलं आली, कागद दिले, कागद घेतले, गेली. आली, गेली. जेवणाच्या सुट्टीआधी रांग संपली! आमच्याकडची रांग कधी संपत नाही. ट्रेनीने थिअरी पूर्ण गाळली, एकालाही पार्श्वभूमी सांगितली नाही. माझी जीभ टाळूला आपटत होती. दोनदा उठलो, दोनदा शिपाईमामांनी खांदा दाबून बसवलं. त्यांनीही पैसे दिलेत.

आणखी एक. ऑफिसात लोक गुणगुणतात! परीक्षा विभागातल्या बाई, मामा, सगळे. पूर्वी कधी कुणी गुणगुणत नव्हतं. आज काय झालं होतं कोण जाणे.

काच संध्याकाळपर्यंत लखलखीत. एक ठिपका नाही. मी गप्प बसलो तर विद्यार्थ्यांनासुद्धा शिस्त लागली. उदाहरणाचा परिणाम!

घरी जेवताना ही बोलत होती. बोलतच होती. तिचा गुडघा हिवाळ्यापासून दुखतोय, जिना चढताना कठडा धरावा लागतो, डॉक्टरकडे ती एकटीच जाऊन आली. मला कुणीच सांगितलं नव्हतं. बोलता आलं असतं तर गुडघ्याविषयी चार गोष्टी सांगितल्या असत्या. पाटीवर ‘गुडघा’ एवढंच लिहिलं. ती बराच वेळ त्या पाटीकडे बघत राहिली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी तोंड उघडणार, इतक्यात ट्रेनी धावत आली. सर, थांबा! लोकांचा आग्रह आहे. आणखी पैसे येतायत. आठवडा वाढवा.

लोकाग्रहापुढे मी कोण? पाटी पुन्हा गळ्यात.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवड्याचा महिना झाला, म्हणजे होणार. आता मार्चअखेरपर्यंत. मुलं वर्गणी काढतायत. मॅडमनी दुसऱ्यांदा देणगी दिली. लिफ्टचं माप घ्यायला माणूससुद्धा येऊन गेला. सगळ्या विद्यापीठात माझ्या नावाचा डंका.

एकच कीड: घशात शब्द साचलेत. गिळावे लागतात. किळस येते. स्वतःचेच शब्द, पण शिळे झालेत.

७ मार्च, शुक्रवार

केबिनची मुलाखत पुढच्या शुक्रवारी. म्हणजे मौनातच. ट्रेनी काळजीत. म्हणाली, सर, मुलाखतीपुरतं बोला. मी सगळ्या देणगीदारांना भेटते, कुणी नाही म्हणणार नाही. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे.

भोळी आहे. मी पाटीवर लिहिलं: नाही. ती म्हणाली, सर, खरंच सांगते, बोला. डोळ्यांत पाणी होतं की काय कोण जाणे. मी पुन्हा लिहिलं: नाही. अधोरेखित केलं.

अहो, हाच तर हुकमाचा पत्ता! टायवाला बोलेल. बोलणारे पुष्कळ असतात. मी समोर बसेन, आणि माझा त्याग बोलेल. कमिटीच्या घशात आवंढा येणार. केबिनच्या दारावर नाव कुठल्या अक्षरात लिहायचं ते आत्ताच ठरवून ठेवलं आहे. जाड अक्षरात.

१४ मार्च, शुक्रवार

मुलाखत झाली. उत्तम झाली. म्हणजे होत होती.

मॅडमनी विचारलं, ह्या पदासाठी तुम्हीच का? मी लिहायला घेतलं. पाटी लहान. जन्म, शिक्षण, विद्यापीठात रुजू झालो तो दिवस, एवढ्यात ती भरली. पुसायला फडकं नव्हतं. बोटाला थुंकी लावून पुसली. कमिटीतल्या एका गृहस्थांनी तोंड फिरवलं, का ते कळलं नाही. पुन्हा लिहिलं. मार्कर वाळला. मी हलवला, टोपणात खुपसला, चावून बघितला. काही नाही.

मग मॅडमनी ट्रेनीला नवीन मार्कर घेऊन बोलावलं. ती आली. आलीच आहेस तर सांग, म्हणून त्यांनी तिला विचारलं: हे पैसे कसे जमवले? पुढच्या वर्षी ट्रेनी कुठे कुठे पाठवता येतील? तिने उभ्या उभ्याच उत्तरं दिली, हातात माझा मार्कर. पाच-सहा वाक्यं. मुद्द्याला धरून, पण फारच त्रोटक. मला वाईट वाटलं, इतके दिवस शिकवून हिला विस्तार करता येत नाही.

कमिटीतले सगळे उठून माझ्याशी हात मिळवून गेले. ते तोंड फिरवलेले गृहस्थ सोडून. केबिन माझीच.

१ एप्रिल, मंगळवार

मौन संपलं! सकाळी ऑफिसच्या मधोमध उभा राहिलो. भाषण तयार होतं. मित्रहो, म्हणायला गेलो तर घशातून नुसतं खरखर खरखर. पाणी प्यायलो, तोवर परीक्षा विभागाला तातडीचं काम आठवलं, लेखा विभागाला फोन आला, मामा घंटा द्यायला गेले. कशाची घंटा?

ट्रेनी तेवढी थांबली. तिला भाषण सांगितलं. तिने सगळं ऐकलं. चांगली मुलगी आहे. टोपण मात्र चावते.

११ एप्रिल, शुक्रवार

शी! शी! शी!

केबिन ट्रेनीला. परीक्षा झाली की रुजू व्हायचं. टायवाल्यालाही नाही, एवढाच काय तो दिलासा. माझ्या हाताखाली शिकलेली पोर! चावलेली टोपणं घेऊन बसणार त्या काचेच्या दाराआड! ती स्वतः सांगायला आली. म्हणाली, सर, मी अर्ज केला नव्हता, मॅडमनी करायला लावला. मी म्हणणार होतो बरंच काही. तिचा चेहराच इतका पडला होता की अभिनंदन म्हणून मोकळा झालो.

माझाही कागद आला. बदली. ‘मौनपालनाचा आपला अलीकडील उल्लेखनीय अनुभव लक्षात घेता’ मला ग्रंथालयात वाचनकक्षाचा प्रमुख केलं आहे. प्रमुख! शब्द नीट वाचला पाहिजे. साध्या समन्वयकाच्या केबिनीत प्रमुखाला कसं बसवणार? मॅडमची अडचण लक्षात आली.

हिला सांगितलं. ही म्हणाली, वाचनकक्षात बोलायला बंदी असते ना? मी म्हटलं, असते, पण प्रमुखाला कोण अडवणार?

३० एप्रिल, बुधवार

मी इथे रुजू होऊन आठवडा झाल्यावर निरोप समारंभ. सगळे आले! टायवाल्याने केक आणला. मी खाल्ला नाही. समारंभ ठेवला होता माझ्या नव्या जागी, वाचनकक्षात. त्यामुळे भाषणं झाली नाहीत. माझंही नाही. सगळ्यांनी चवड्यांवर चालत येऊन हात मिळवला आणि चवड्यांवर चालत गेले.

इथली मुलं जांभया देतात, तोंडावर हात न घेता. पानं थुंकीने उलटतात. कानात काडी घालून ती परत पुस्तकात खूण म्हणून ठेवणारा एक आहे. रोज बघायचं आणि मूग गिळून बसायचं. कुणाला सांगणार? आवाज निघाला की सगळ्या माना वर होतात, आणि पहिल्याच दिवशी एका मुलीने भिंतीवरची ‘शांतता राखा’ ही पाटी मला बोटाने दाखवली. मला! प्रमुखाला!

१६ जुलै, बुधवार

लिफ्ट सुरू झाली.

सकाळी खाली शिपाईमामा भेटले. माझ्या जुन्या खिडकीची चौकशी केली. म्हणाले, झकास चाललंय, आता तर काचसुद्धा पुसावी लागत नाही. मी म्हटलं, मुलं सुधारली म्हणायची. मामा म्हणाले, कसली सुधारतात, सर्दीचे दिवस आहेत, दिवसभर शिंकतात. पण ती बाहेरच्या बाजूला, ती काच सफाईवाला धुतो. ठिपके असायचे ते आतून.

आणि मामांनी जीभ चावली. आतल्या बाजूला मी बसायचो. इतकी वर्षं. आणि ती पोर रोज संध्याकाळी ते पुसायची आणि मला सर म्हणायची.

शी.

जिन्याने वर आलो. लिफ्टमध्ये आरसा आहे असं ऐकलं होतं.

दुपारी लिफ्टचं दार उघडलं आणि ती लॉची मुलगी आली. एकटी. खुर्चीची चाकं स्वतः फिरवत. दारातच थांबून तिने सगळा हॉल बघितला, खिडक्या, कपाटं, अगदी छत. मग माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारलं, सर, तो संदर्भग्रंथ कुठल्या कपाटात आहे?

मला कुणीतरी प्रश्न विचारला! कित्येक महिन्यांनी! आणि आता कपाटाचा नंबर मला ठाऊक आहे. शिवाय त्या ग्रंथाची जुनी आवृत्ती, तिची बांधणी, ती कुणी पळवली आणि कशी परत आली, सगळं ठाऊक आहे. तोंड उघडलं. तिच्यात आणि माझ्यात काच नव्हती.

रुमाल तोंडावर धरला. बोटाने कपाट दाखवलं.

ती गेली, पुस्तक मांडीवर घेतलं, खिडकीपाशी वाचत बसली. जाताना हसून हात हलवला. मी खिडकीतून बघत होतो. वेळेवर खाली पोचली. बस मिळाली.